पत्र्याखालचं नाव

वडगाव निंबाळकरला आमच्या घरामागे, बाभळीखाली, अब्बांची महिंद्राची जीप कित्येक वर्षं गंजत उभी होती. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलानं आणि मी ती अंगणात ओढून आणली. तळाच्या पत्र्याला बोट लावलं की भुगा व्हायचा. तो कापून नवा वेल्ड करून घेतला, चासी घासून रेड ऑक्साइड मारला. बॉनेट मात्र जुनंच ठेवलं. ते इतकं उंच का? अमेरिकेत विलिस कंपनीनं 1953 साली उंच इंजिन बसवलं, ते आधीच्या बॉनेटखाली मावेना, म्हणून.

घासता घासता पोरानं विचारलं, ‘‘ही कंपनी पहिल्यापासून महिंद्रांचीच?’’

मग सांगावं लागलं. 1945 साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर पोलादाचा व्यापार सुरू केला. नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं तेवढी तीच राहिली. पुढे मुंबईत, माझगावला, विलिस जीपची जोडणी सुरू झाली.

फाळणीच्या वेळी आमच्या आजोबांनाही कुणीतरी विचारलं होतं, ‘‘तुम्ही जाणार का?’’ ते नीरेच्या डाव्या कालव्यावर उसाला पाणी धरत होते. म्हणाले, ‘‘पाण्याची पाळी सोडून कुठं जाऊ?’’

पोरानं पॉलिश पेपर बदलला. इंजिन अजून बोललेलं नाही. कार्ब्युरेटर बारामतीला दिलाय.