पिरॅमिडमध्ये आलेली घेरी

दोन वर्षांपूर्वी माझी मोठी आपा आणि भाऊजी उमराहला गेले होते. टूरवाल्याने परतीच्या वाटेवर कैरोचे तीन दिवस जोडले होते. गीझाला पोहोचल्यावर बाकीच्या बायका उंटांपाशीच थांबल्या. आपा मात्र तिकीट काढून खुफूच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये शिरली. वर चढताना तिला छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात जड पडला. वरच्या दालनापर्यंत न जाताच ती मागे फिरली. बाहेर येऊन सावलीत बसली, पाणी प्यायली, मग बरं वाटलं.

घरी परतल्यावर तिने हे सांगितलं आणि मोहल्ल्याने पाच मिनिटांत निदान करून टाकलं. फिरऔनची जागा ती, असर असणारच. कुणी जिन्न म्हणालं, कुणी ममीचा शाप म्हणालं. पुढे जिना चढतानाही तिला तसंच होऊ लागलं तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली. दम केलेलं पाणी आलं, तावीज आलं. लिहायला लाज वाटते, पण ते तावीज आणायला मीच गेलो होतो. बी.एड. झालेला, रोज चाळीस मुलांसमोर 'विचार करून उत्तर द्या' म्हणणारा मीच.

आपाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्या दिवसांत मी इजिप्तविषयी मिळेल ते वाचत होतो आणि वाचता वाचता मला एक माणूस भेटला, ज्याला आठशे वर्षांपूर्वी याच पिरॅमिडमध्ये घेरी आली होती.

अब्दुल लतीफ अल-बगदादी त्याचं नाव. जन्म ११६२ चा, बगदादचा. पेशाने हकीम, शिवाय व्याकरण, फिक्ह, तत्त्वज्ञान या सगळ्यांत गती असलेला. सुलतान सलाहुद्दीन यांचा मुलगा अल-अजीज याच्या काळात तो कैरोत होता आणि अल-अझहरमध्ये शिकवत होता. इजिप्तवर त्याने जे पुस्तक लिहिलं त्यात पिरॅमिडचं वर्णन आहे. आतल्या वाटा अरुंद आणि वटवाघळांनी भरलेल्या, वटवाघळं कबुतराएवढी मोठी. सोबत्यांबरोबर तो आत शिरला, साधारण दोन तृतीयांश वाट चढला आणि भीतीने त्याची शुद्ध हरपली. अर्धमेल्या अवस्थेत तो खाली आला.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बगदादीने स्वतःची फजिती लपवली नाही आणि तिच्यावर कुठला किस्साही रचला नाही. इथे जिन्न राहतात, मला कुणी धरलं, असं तो म्हणत नाही. मी घाबरलो आणि माझी शुद्ध गेली, एवढंच तो नोंदवतो. हकिमाने रोग्याची लक्षणं लिहावीत तशी स्वतःची लक्षणं.

आता ती वाट कशी आहे ते पाहू. आजही पर्यटक आत जातात ते खलिफा मामून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारातून. मामून ८३२ मध्ये इजिप्तला आले होते. उर्दू वाचकांना ते शिबली नोमानींनी लिहिलेल्या चरित्रामुळे ओळखीचे आहेत. या भुयारानंतर वर जाणारा मार्ग लागतो. लांबी सुमारे ३९ मीटर, उंची जेमतेम १.२ मीटर आणि चढ २६ अंशांचा. म्हणजे रुकूत वाकतो तसं वाकून, तेही चढावर, चाळीस मीटर जायचं. मांड्या भरून येतात, पोट दाबलं जातं, खोल श्वास घेता येत नाही. समोरून उतरणारे लोक आले तर भिंतीला चिकटून थांबायचं. बाहेर वाळवंटाची कोरडी हवा आणि आत शेकडो माणसांच्या श्वासाची ओल. मग एकदम साडेआठ मीटर उंच गॅलरी उघडते आणि इतका वेळ वाकलेला माणूस ताठ उभा राहतो. अशा वेळी डोकं गरगरलं तर नवल नाही. शेवटी राजाचं दालन. चहूबाजूंनी अस्वानचा ग्रॅनाइट, एकही खिडकी नाही. तिथे कुणी नुसतं गुणगुणलं तरी आवाज दगडांवरून परत येतो आणि छातीत घुमल्यासारखा वाटतो.

हवा हा इथला मोठाच प्रश्न आहे. पिरॅमिडमधली ओल इतकी वाढली होती की १९९० च्या दशकात तिथल्या प्राचीन हवेच्या झरोक्यांत पंखे बसवावे लागले. लक्सरजवळच्या राणी नेफर्तारीच्या कबरीतली चित्रं अनेक वर्षं खपून वाचवली गेली आणि १९९५ मध्ये ती कबर लोकांसाठी उघडली, तेव्हा दिवसाला १५० माणसांचीच मर्यादा घातली गेली. कारण प्रत्येक माणूस श्वासातून आणि घामातून आत पाणी सोडतो आणि त्याने रंग खराब होतात. आपण म्हणतो कबरीचा माणसावर असर होतो. तिथे काम करणाऱ्यांना माणसाचा कबरीवर होणारा असर जास्त छळतो.

दोनशे वर्षांपूर्वी तर परिस्थिती याहून बिकट होती. बेल्झोनी नावाचा इटालियन गृहस्थ, आधी लंडनच्या रंगमंचावर ताकदीचे खेळ करणारा धिप्पाड माणूस, १८१७ च्या सुमारास लक्सरसमोरच्या गुर्ना गावच्या कबरींत उतरला होता. तिथल्या हवेत अनेकांना मूर्च्छा येते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हजारो वर्षांच्या ममींची बारीक धूळ नाकातोंडात जाते, घसा कोंडतो, हेही लिहिलं आहे. पहिलवानाची ही गत, तर आपली काय कथा.

देवळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कबरीत येणारा त्रास तिथल्या अडचणीच्या जागेमुळे होतो. देवळात मात्र अंगावर काटा यावा अशीच बांधणी केलेली आहे. इजिप्तच्या पुष्कळ देवळांत अंगणात लख्ख ऊन असतं, पुढे खांबांचं दालन, त्यापुढे आणखी लहान खोल्या. आत जाऊ तशी जमीन थोडी थोडी वर चढते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. शेवटच्या गाभाऱ्यात जवळजवळ काळोख. कर्नाकच्या दालनात १३४ खांब आहेत, त्यांतले मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. त्यांच्यामध्ये उभं राहिलं की माणूस आपोआप लहान होतो. त्याच कर्नाकमध्ये प्ताह देवाच्या छोट्या देवळात सिंहमुखी सेखमेतची काळ्या दगडाची मूर्ती आहे. खोलीत अंधार आणि छतातल्या एका भोकातून तेवढा उजेड येतो. डोळे अंधाराला सरावायच्या आत समोर सिंहाचं तोंड दिसतं. तिथे शहारा येतो असं खूप जण सांगतात. यायलाच हवा. ज्यांनी तो उजेड तिथे पाडला ते कसबी लोक होते.

आता याच्या उलट एक जागा पाहा. लक्सरच्या देवळातच, रामसेस दुसऱ्याच्या अंगणाच्या एका कोपऱ्यावर, अबू अल-हज्जाज यांची मशीद उभी आहे. तेराव्या शतकातल्या या वलींची मजारही तिथेच. आजही तिथे नमाज होते. फिरऔनी खांबांच्या शेजारी लोक वजू करतात, सजदा करतात, गप्पा मारत घरी जातात. कुणाला काही होत नाही. दगड तेच आहेत. आपण मनात काय घेऊन आत जातो, त्यावर बरंच अवलंबून असतं.

पॉल ब्रंटन हे नाव आपल्याकडे रमण महर्षींमुळे माहीत आहे. त्यांनी १९३० च्या दशकात आधी उपवास करून एक आख्खी रात्र राजाच्या दालनात काढली. काळोखात भयंकर आकृत्या आल्या, नंतर आपण शरीराबाहेर पडलो, असं त्यांनी लिहिलं. उपाशी पोट, ठार अंधार, पूर्ण शांतता आणि काहीतरी दिसणारच ही तयारी. नेपोलियनविषयीही असंच सांगतात, की तो या दालनातून पांढराफटक होऊन बाहेर आला आणि काय पाहिलं ते मरेपर्यंत बोलला नाही. त्याचा चिटणीस बुरियेन मात्र लिहितो की नेपोलियन पिरॅमिडच्या आत कधी गेलाच नाही.

आणि तो प्रसिद्ध शाप. तुतनखामुनची कबर नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्वन ५ एप्रिल १९२३ रोजी वारले. डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली, रक्तात विष पसरलं, मग न्यूमोनिया झाला. वर्तमानपत्रांना शाप मिळाला. पण कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला आणि वडिलांबरोबर आत गेलेली कार्नार्वनची मुलगी एव्हलिन १९८० पर्यंत. २००२ मध्ये मार्क नेल्सन या संशोधकाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेबच मांडला. कबरीशी प्रत्यक्ष संबंध आलेले २५ जण सरासरी ७० वर्षं जगले. तेव्हा इजिप्तमध्ये असूनही कबरीपासून दूर राहिलेले ७५ वर्षं. माणसं इतकी थोडी असताना या फरकातून काही सिद्ध होत नाही.

मग तिथे धोका नाहीच का? आहे. सक्काराच्या काही भुयारी जागांत रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू जास्त प्रमाणात आढळला आहे. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने शहारा येत नाही की छाती दडपत नाही. तासभर फिरून येणाऱ्या पर्यटकाला त्याची फारशी भीती नाही. भीती आहे ती वर्षानुवर्षं तिथे राबणाऱ्या रखवालदारांना. जे अंगाला जाणवतं त्याच्या आपण कहाण्या करतो आणि जे जाणवत नाही ते गरीब माणसाच्या फुप्फुसात जातं.

आता माझ्या मुस्लिम वाचकांशी दोन शब्द. ज्या पिरॅमिडला आपण फिरऔनची जागा म्हणतो, तो इ.स.पू. सुमारे २५६० चा आहे. हजरत मूसांचा काळ अभ्यासक त्यानंतर हजारेक वर्षांनी किंवा आणखी पुढे मानतात. म्हणजे तो फिरऔन तिथला नव्हेच. उजाड वस्त्यांविषयी आपल्याला शिकवण आहे, नाही असं नाही. तबूकच्या वाटेवर समूदच्या वस्तीजवळून जाताना हुजूरांनी साथीदारांना सांगितलं होतं की इथे जायचं तर डोळ्यांत पाणी आणून जा. पण ते सांगणं इबरत घेण्यासाठी होतं. बगदादीच्या पुस्तकाच्या नावातही 'इतिबार' हा शब्द आहे, इबरतचाच सख्खा भाऊ. जुन्या इमारती राखल्या पाहिजेत, कारण त्या गेलेल्या लोकांची साक्ष देतात, असं त्याचं म्हणणं होतं. अल-अजीजने तिसरा पिरॅमिड पाडायला माणसं लावली आणि आठ महिने खपून त्यांच्या हाती फक्त एक खिंडार लागलं, हे त्याने खेदाने लिहिलं आहे. ते खिंडार आजही दिसतं.

पिरॅमिडमध्ये बेशुद्ध झालेला हाच माणूस पुढे इजिप्तच्या भीषण दुष्काळात हाडांच्या ढिगाऱ्यांपाशी गेला. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असं जालिनूसने लिहून ठेवलं होतं आणि हजार वर्षं सगळे तेच शिकवत होते. बगदादीने दोन हजारांवर कवट्या तपासल्या. जबडा एकाच हाडाचा निघाला. त्याने तसं लिहिलं, की जालिनूस थोर खरा, पण डोळ्यांची साक्ष अधिक खरी.

हे वाचलं त्या रात्री मी आपाला फोन केला. जिना चढताना नक्की काय होतं, किती वेळ, हात कुठला, थांबल्यावर जातं का, सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तिला दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, अँजिओग्राफी झाली. दोन रक्तवाहिन्यांत अडथळे होते. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा कधी जाणवलं? आपा म्हणाली, इजिप्तमध्ये. ते म्हणाले, मग दोन महिने काय करत होतात?

त्यावर मी काही बोललो नाही. तावीज तिच्या गळ्यात अजून आहे, काढ म्हणायचा हक्क मला नाही. गोळ्या वेळेवर घेते का, एवढं मात्र रोज विचारतो.