गणिती सूत्रे पडद्यावर वेगाने कशी उमटतात?

साधा मजकूर ब्राउझर अक्षरामागे अक्षर ठेवून मांडत जातो. गणिती सूत्राचे तसे नाही. अपूर्णांकाची आडवी रेघ किती लांब हवी, हे अंश व छेद यांची रुंदी कळल्याविना ठरत नाही. वर्गमूळचिन्हाची उंची आतील पदावर अवलंबून असते. ही मोजमापे आतून बाहेर करावी लागत असल्याने शेकडो सूत्रांचे पान उघडण्यास वेळ लागतो. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी साध्या मोबाइलवर गणित वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा विलंब अधिक जाणवतो. कारण पुष्कळदा हे सारे काम त्याच्या हातातील उपकरणालाच करावे लागते.

सूत्रे लिहिण्यासाठी 'मॅथएमएल' ही प्रमाणित भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने एप्रिल १९९८ मध्ये जाहीर केली. मात्र सर्व ब्राउझरांनी ती स्वीकारली नाही. विकिपीडियाने २००३ पासून सूत्रांची चित्रे दाखविण्याचा मार्ग धरला. चित्रे मोठी केल्यास धूसर होत आणि प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे लागे. २०१० साली 'मॅथजॅक्स' या मुक्त प्रणालीची पहिली आवृत्ती आली. तिने अक्षरे सुस्पष्ट दिली. परंतु तिच्या प्रारंभीच्या आवृत्त्या सूत्रातील भाग पानावर ठेवून मोजत. अशा प्रत्येक मोजणीसाठी ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा करावी लागे. विलंबाचे मुख्य कारण हेच होते.

उपाय सोपा होता. फाँटमधील प्रत्येक चिन्हाची उंची, रुंदी व खोली यांचे तक्ते आधीच तयार ठेवायचे आणि पानाला हात न लावता आकडेमोड करायची. खान अकॅडमीने २०१४ मध्ये आणलेली 'केटेक' प्रणाली याच तत्त्वावर चालते. मॅथजॅक्सनेही २०१९ मधील तिसऱ्या आवृत्तीत हीच दिशा धरली.

मराठीची अडचण येथेच आहे. 'वृत्तचितीचे घनफळ = तळाचे क्षेत्रफळ × उंची' यांसारख्या सूत्रातील देवनागरी अक्षरे त्या तक्त्यांत नसतात. केटेक अशा अक्षरांना रोमन लिपीतील 'एम'चे माप लावते. परिणामी वेलांट्या, मात्रा व उकार यांची खरी उंची हिशेबात येत नाही. मॅथजॅक्सला ती अक्षरे ब्राउझरकडून मोजून घ्यावी लागतात. म्हणजे वाचविलेला वेळ काही अंशी पुन्हा खर्ची पडतो.

ब्राउझरनेच सूत्रे मांडली, तर ही अडचण राहत नाही. कारण त्याला मराठी जोडाक्षरे मांडता येतातच. फायरफॉक्समध्ये ही सोय पूर्वीपासून आहे. क्रोमने जानेवारी २०१३ मध्ये ती दिली आणि पुढच्याच आवृत्तीत काढून घेतली. स्पेनमधील इगालिया या संस्थेच्या प्रयत्नांनी ती जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीत परतली.

जुन्या उपकरणांचा विचार करणाऱ्या संकेतस्थळांनी तीन गोष्टी पाळाव्यात. सूत्रांची मांडणी शक्यतो सर्व्हरवरच करून ठेवावी. पडद्यावर दिसणारीच सूत्रे आधी मांडावीत. आणि लांब मराठी शब्द सूत्राबाहेर, साध्या मजकुरात ठेवावेत.