साधनेचा सोमवार

ध्यानसाधना म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयातील गुहा, नदीचा निर्जन काठ अथवा एखाद्या आश्रमातील शांत दालन उभे राहते. ध्यान हे फुरसत असलेल्यांचे, शिकलेल्यांचे किंवा संसारातून मोकळे झालेल्यांचे काम, अशी आपली ठाम समजूत आहे. म्हणूनच 'साधनेला आरंभ करावा' असे मनात येऊनही आपल्यापैकी अनेकजण ते 'पुढे कधीतरी' म्हणून टाळीत राहतात. नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण या समजुतीला चांगलाच धक्का देणारे आहे. ते आपण ख्रिस्ती वाचकांनीही जाणून घ्यावयास हवे.

नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा हा सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. एका बाजूस सातपुड्याच्या रांगा, दुसऱ्या बाजूस तापीचे खोरे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील ६९ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. प्रकाशे येथील तापी-गोमाईच्या संगमाला 'दक्षिण काशी' म्हणून मान आहे. परंतु आम्हांला सांगावयाची कथा त्या प्राचीन तीर्थाची नाही; ती तळोदे तालुक्यातील मोरवड या साध्या गावाची आहे.

१९३७-३८च्या सुमारास मोरवड येथील गुलाम महाराज या भिल्ल संताने आपल्या बांधवांना एक अगदी सोपा नेम घालून दिला. दारू सोडावी, स्नान करून स्वच्छ राहावे आणि सोमवारी एकत्र जमून आरती करावी, एवढेच त्याचे स्वरूप. लहानथोर सर्वांनी एकमेकांना 'आप' म्हणावे, हीही त्यांची शिकवण. ज्या माणसांना सावकार आणि शिपाई आयुष्यभर एकेरीतच हाक मारीत आले, त्यांनी एकमेकांना आदराने संबोधावे, यात केवढे मोठे अध्यात्म होते! 'आप की जय' हा घोष डोंगरपाड्यांत दुमदुमू लागला आणि सोमवारच्या मेळ्यांना हजारो माणसे लोटू लागली.

१९३८ सालीच गुलाम महाराजांचे देहावसान झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले. दारू सुटलेला आणि मान ताठ झालेला आदिवासी सरकारला धोक्याचा वाटू लागला. अखेर २ मार्च १९४३ रोजी तळोदे तालुक्यातील रावलापाणी येथे जमलेल्या या भाविकांवर ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलाने गोळीबार केला. अनेकजण ठार झाले. प्रार्थनेचा नेम धरणाऱ्यांना त्याची एवढी किंमत मोजावी लागली.

आता कोणी विचारील, की आरती म्हणजे ध्यान नव्हे; मग या इतिहासाचा ध्यानाशी संबंध काय? आक्षेप रास्त आहे. आरतीत गजर आहे, ध्यानात मौन आहे. परंतु आमचे म्हणणे साधनेच्या शेवटाविषयी नसून तिच्या आरंभाविषयी आहे. गुलाम महाराजांनी नवख्या माणसाला काय दिले? एक ठरलेला वार, शरीराची शुद्धी, एका व्यसनाचा त्याग आणि सोबतीला माणसे. मोठे तत्त्वज्ञान त्याच्या माथी मारले नाही. साधनेचा पाया याच चिऱ्यांवर उभा राहतो.

आपल्या ख्रिस्तसभेचा अनुभव याहून वेगळा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या तपस्व्यांनी प्रार्थनेला हातांच्या श्रमांची जोड दिली. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी, स्तोत्रसंहितेतील एकच लहानशी ओळ मनात सतत घोळवीत राहावे, असा उपाय सांगितला. तो निरक्षरालाही साधण्यासारखा होता. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मिक साधनेच्या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्या ग्रंथात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर मनात म्हणण्याची रीत दिलेली आहे. तेव्हा श्वासाकडे लक्ष देणे ही काही आपल्याला परकी गोष्ट नव्हे.

मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी हाच धागा भारतीय भूमीत पुन्हा विणला. त्यांची साधना संस्था पुण्यात सुरू झाली व पुढे लोणावळ्यास गेली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'साधना' या इंग्रजी ग्रंथाचा आरंभच मौनाने होतो. थोडा वेळ स्वस्थ बसावे, अंगावरील वस्त्राचा स्पर्श, पाठीचा टेका, श्वासाचे येणे-जाणे यांची केवळ जाणीव ठेवावी, अशी त्यांची पहिली पाठराखण असे. मन भरकटणारच, ते भरकटले हे ओळखून त्याला हळुवार परत आणणे, हाच नवशिक्याचा अभ्यास.

येथे सावधगिरीचे दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी रोमच्या धर्मश्रद्धाविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी सर्व बिशपांना पत्र लिहिले. पौर्वात्य पद्धतींतील उपयुक्त गोष्टी स्वीकाराव्यात, मात्र शरीराला लाभलेली शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन असे मानू नये, असा त्याचा आशय होता. त्याच मंडळाने १९९८ साली फादर डिमेलो यांच्या लेखनाविषयी इशारा दिला; तो मुख्यतः त्यांच्या पुढील काळातील विचारांबाबत होता, प्रारंभीचे ग्रंथ ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात हे त्यातच नमूद आहे. ख्रिस्ती ध्यान हे पोकळीत बुडणे नव्हे. ती पित्याशी होणारी भेट आहे, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे.

खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी, असे प्रभू येशूने शिकविले. पण ज्या घराला एकच खोली, तेथे दार लावणार कसे? नंदुरबारमधील कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दर वर्षी गुजरातेत स्थलांतर करतात. कोपीत राहणाऱ्या त्या माणसांनी एकांत कोठून आणावा? मोरवडच्या सोमवाराने याचे एक उत्तर दिले आहे: जेथे एकट्याला एकांत मिळत नाही, तेथे समुदायच एकमेकांना निवांतपणा मिळवून देऊ शकतो.

आपल्या धर्मग्रामांतही हे सहज घडू शकेल. आठवड्यातील एक वार ठरवावा. सायंकाळच्या रोझरीनंतर सर्व कुटुंबाने केवळ दहा मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ सरळ, श्वास संथ आणि मनात 'येशू' एवढे एकच नाव. रेडिओ आणि फोन तेवढ्या वेळापुरते बंद असावेत. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही असे वाटेल. म्हणून नेम मोडू नये. त्याचबरोबर एखादी वाईट सवय सोडावी, कारण त्यागावाचून केलेले ध्यान हा निव्वळ विरंगुळा ठरतो. आणि उठल्यावर घरातील धाकट्यालाही, दारी आलेल्या मजुरालाही आदराने हाक मारावी. साधना खरी की खोटी, हे त्या हाकेवरून कळेल.