देवराष्ट्रे ते दिल्ली

दोन शहरांमधील अंतर आपण किलोमीटरमध्ये विचारतो आणि उत्तर तासांत देतो. मुंबई ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे 1,150 किलोमीटर, विमानाने दोनेक तास. लोहमार्गाने हेच अंतर 1,384 किलोमीटर होते. 1972 मध्ये सुरू झालेल्या राजधानी एक्स्प्रेसलाही त्यासाठी रात्रभर धावावे लागते.

नोव्हेंबर 1962 मध्ये, चीनशी युद्ध चालू असताना, यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावणे आले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासून रूढ झाले. त्यात दोन पर्वत आहेत. मधली वाट नाही. ती वाट मुंबईस सुरूही होत नाही. आजच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथे 12 मार्च 1913 रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. कऱ्हाडची शाळा, तुरुंगवास, कोल्हापूर-पुण्यातील शिक्षण आणि मुंबईतील मुख्यमंत्रिपद असे टप्पे घेत दिल्ली गाठण्यास 49 वर्षे लागली.

आपल्या आत्मचरित्राचे तीन खंड त्यांनी योजिले होते. 'कृष्णाकाठ' 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. तो 1946 पाशी थांबतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव दिल्लीत निवर्तले. मुंबईच्या सागराचा आणि दिल्लीच्या यमुनेचा खंड राहून गेला. म्हणजे दंतकथेने सांगितला तो दोन तासांचा टप्पा, लेखकाने लिहिली ती पायवाट. अभ्यासक म्हणून आम्हांस दुसरीच अधिक मोलाची वाटते. कडेगावहून पुण्याच्या विमानतळापर्यंतचा रस्ता आजही दिल्लीच्या उड्डाणाहून अधिक वेळ घेतो.