न लिहिलेली रंगभूमी : वेंगुर्ल्याचा दशावतार

मराठी रंगभूमीचा इतिहास सामान्यतः सांगलीपासून सांगितला जातो. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि तेथून पुढची वाट ग्रंथकारांनी नीट आखून ठेवली. वेंगुर्ल्यासारख्या बंदराच्या गावी व त्याच्या पंचक्रोशीत कार्तिकापासून जत्रा लागतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार उभा राहतो. त्याच्या वाट्याला या इतिहासात पूर्वपीठिकेचे चार-दोन परिच्छेद येतात.

त्या परिच्छेदांतही एक कर्ता शोधला जातोच. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून आणला, ही कथा पुष्कळदा उद्धृत होते. परंतु ‘दासबोधा’त दशावतारी खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे, तेथील सुंदर स्त्रिया वस्तुतः धटिंगण पुरुष असतात, असा शेराही रामदासांनी मारला आहे. रामदास १६८१ मध्ये निवर्तले. तेव्हा काळे यांचे श्रेय हा खेळ दक्षिण कोकणात रुजविण्यापुरते असू शकेल, आरंभाचे नव्हे. यक्षगानाशी असलेले नाते उघड आहे, पण नाते म्हणजे आयात नव्हे.

वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. १८१२ मध्ये ते सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे बंदराचा व्यापार ओसरला, जत्रा ओसरल्या नाहीत. पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर, वालावलकर अशी मंडळांची नावेच गावांची आणि घराण्यांची आहेत. जत्रेचा मान वर्षानुवर्षे ठरलेल्या मंडळाकडे असे. वेष आणि गणपतीचा मुखवटा ठेवलेला पेटारा पूर्वी डोक्यावरून गावोगाव जाई आणि त्याची पूजा झाल्यावरच खेळ होई.

प्रथम आडदशावतार : गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती आणि मग वेद पळविणारा संकासुर. काळ्या वेषातला, उंच टोपीचा हा असुर मालवणीत बोलतो आणि गावातल्या मानकऱ्यांनाही सोडत नाही. विष्णूच्या हातून त्याचा वध झाला, की आख्यान लागते. ते कोणते, हे बहुधा त्याच दिवशी ठरते. कथेचा सांगाडा सांगून भूमिका वाटल्या जातात. संवाद ज्याचे त्याने रंगणातच जुळवायचे. साथीला पखवाज, झांज आणि पायपेटी. एकच बाकडे सिंहासन होते, रथ होते, पर्वतही होते. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते.

संहिता नाही म्हणजे शिस्त नाही, असा ग्रह शहरी अभ्यासकांनी दीर्घकाळ बाळगला. वास्तविक समोर बसलेला प्रेक्षक पुराणे ऐकून मुरलेला असतो. कृष्णाच्या तोंडी दुबळा युक्तिवाद आला, तर तो त्याला लगेच कळतो. नटाच्या शब्दावर पहारा असतो तो असा. भाव्यांच्या आरंभीच्या नाटकांतही पदे तेवढी रचलेली असत आणि सूत्रधार ती गाई. भाषणे नटांनीच उत्स्फूर्त करावयाची. ती पदे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली गेली. सांगली आणि वेंगुर्ले यांच्यातले अंतर प्रगल्भतेपेक्षा आश्रयाचे आणि छापखान्याचे अधिक होते.

पुढे दशावतारी नटांनी संगीत नाटकांच्या चाली बिनदिक्कत उचलल्या. मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचाने या मुलखाच्या बोलीची ताकद ओळखली ती फार उशिरा, १९८० च्या ‘वस्त्रहरण’मुळे. आता निरनिराळ्या मंडळांतील निवडक नटांचे ‘संयुक्त दशावतार’ होतात, ‘ट्रिकसीन’ची जाहिरात होते आणि सुपारीच्या आटोपशीर प्रयोगांत कात्री बहुधा आडदशावतारावरच चालते. प्रेक्षकसंख्या वाढली हे खरे. पण गावाला गावाच्या तोंडावर बोलणारा संकासुरच त्यात आधी गळतो. प्रयोगांची ध्वनिचित्रमुद्रणेही आता मिळू लागली आहेत. त्यांवरून कोणी संहिता लिहून काढल्याच, तर त्या त्या-त्या रात्रीच्या असतील. पुढच्या जत्रेत तेच आख्यान त्याच नटांच्या तोंडून निराळे येईल.