गळतीचा इतिहास

"काका, माझं मॅगझिन गळतंय," असं पुतण्या म्हणाला तेव्हा मी मुळीच दचकलो नाही. दिवाळी अंक माघापर्यंत टिकला की त्याची पानं गळायचीच. मी डिंकाची बाटली शोधू लागलो. पण त्याने माझ्या हातावर ठेवलं ते एक जड, चपटं, धातूचं डबडं. खेळण्यातल्या पिस्तुलाच्या मुठीत ते बसतं. त्यात गॅस भरायचा आणि त्या जोरावर प्लास्टिकच्या गोळ्या उडवायच्या. खरी बंदूक बाळगणं जिथे जवळजवळ अशक्य, त्या जपानात १९७०-८०च्या दशकांत हा शौक फोफावला. तिथून तो आमच्या चिंचवडात आला आणि फुसफुसू लागला.

मी पडलो बी. कॉम. मला गळती ठाऊक ती फक्त हिशेबातली. तेव्हा भोसरीतल्या एका शाळूसोबत्याला गाठलं. पत्र्याच्या शेडमध्ये तो रबरी रिंगा बनवतो. त्याने पंक्चरवाल्यासारखं ते डबडं बादलीत बुडवलं. तळातून बुडबुडे आले.

"टाकी ठणठणीत आहे. रिंग मेली."

त्या क्षणी मला आजीचा स्टोव्ह आठवला. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास प्रायमस काढला, हे आजीच्या गावीही नव्हतं. पण पंप हवा धरेनासा झाला की आतल्या कातडी वायसरवर खोबरेलाचे दोन थेंब सोडायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाळलेलं कातडं फुगायचं आणि स्टोव्ह पुन्हा गरजू लागायचा.

कातड्याची जागा पुढे रबराने घेतली. नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाने १९३७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, गोल रबरी रिंगेच्या पेटंटसाठी अर्ज केला. (आमच्याकडे साठीला निरोपाचा नारळ देतात.) १९३९ साली पेटंट मिळालं, तेवढ्यात महायुद्ध आलं. सरकारने रिंग युद्धोपयोगी ठरवून सर्वांना खुली केली आणि म्हाताऱ्याच्या हातावर ७५ हजार डॉलर ठेवले. तो १९५२ साली वारला. कोर्टकचेरी होऊन आणखी एक लाख डॉलर मिळाले ते १९७१ साली, वारसांना! सरकारी थकबाकी सगळीकडे सारखीच.

आता आमचा पट्टाच बघा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पेनिसिलिन कितीही गुणकारी असो, बाटलीचं रबरी बूच सैल असेल तर काय उपयोग? १९७२ साली बजाजची चेतक आली, तिच्या इंजिनातही ऑइल सील होतेच. पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले आणि प्रत्येकाच्या पोटात अशा रिंगा गेल्या. रिंगेकडे लक्ष जातं ते ती चुकली तरच. २८ जानेवारी १९८६ रोजी थंडीने ताठरलेल्या रिंगेने सांधा धरला नाही आणि 'चॅलेंजर' यानातले सात अंतराळवीर गेले. मी पुतण्याचं खेळणं जरा अदबीनेच धरलं.

मित्राने तळाचं झाकण काढलं, चिरलेली रिंग फेकली, नवी बसवली आणि वर सिलिकॉन तेल लावलं.

"इंजिनचं तेल का नाही?"

"साधं रबर त्यात फुगून बसतं. आणि पुतण्याला सांग, ठेवताना आत थोडा गॅस असू दे. पूर्ण रिकामं ठेवलं की रिंगा जागा सोडतात."

"म्हणजे मिनिमम बॅलन्स!" मी ओरडलो. इतक्या वर्षांत बँकेचा एखादा नियम मला प्रथमच पटला.

तो हसला नाही. "नव्या इलेक्ट्रिक चेतकला इंजिनच नाही. इंजिन नाही, तर त्याचे ऑइल सील कुणाला विकू? बॅटरीच्या पेटीत पाणी जाऊ नये म्हणून रबरी पट्ट्या लागतात, त्या मी करीन. पण त्याला नवे साचे हवेत. साच्यांसाठी कर्ज मागितलंय. तुझ्याच शाखेत."

शेडमध्ये सहा माणसं काम करत होती. त्यांनी मान वर केली नाही, पण यंत्रापुढचे हात क्षणभर थांबले. पैसे किती विचारलं तर म्हणाला, "दीड रुपयाची रिंग. जा."

दुसऱ्या दिवशी मी त्याची फाईल शोधली. तीन आठवडे ती कपाटात पडून होती. मंजुरी देणारा मी कोण! पण निदान फरक शोधणं माझ्या हाडीमाशी भिनलंय. पानापानांवरून बोट फिरवलं तेव्हा सापडलं: सगळी फाईल अडली होती ती विजेच्या बिलाच्या एका झेरॉक्ससाठी. कुणी मागितली नव्हती, त्याने दिली नव्हती.

मी फोन लावला. "टाकी ठणठणीत आहे," म्हटलं. "वीजबिल घेऊन ये."

फाईल आता साहेबांच्या टेबलावर आहे. पुढचं त्यांच्या हाती. पुतण्याचं मॅगझिन मात्र अजून गळलेलं नाही.