किट कार

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकली जाणारी व ग्राहकाने स्वतः जोडून पूर्ण करावयाची मोटारगाडी. संचात सामान्यतः सांगाडा (चासी), बाह्यकाया आणि निलंबनाचे काही भाग असतात. इंजिन, गिअरबॉक्स, सुकाणू, ब्रेक इत्यादी भाग बहुधा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतले जातात. अशा गाडीस दाता वाहन म्हणतात. सर्व भाग स्वतः घडवून किंवा भंगारातून जमवून बांधलेल्या गाडीस स्वनिर्मित वाहन म्हणतात. ब्रिटन व अमेरिकेत हा कौटुंबिक छंद म्हणून रूढ असून पालक व मुले मिळून घरच्या गॅरेजमध्ये अशा गाड्या बांधतात.

इतिहास

किट कारचा प्रसार प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये झाला. तयार गाडीवर तेथे खरेदी कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही हलकी दोन आसनी गाडी त्यामुळे संचरूपातही विकली जाई. करसवलतीसाठी जोडणीची सूचनापुस्तिका देण्यास मनाई होती, म्हणून कंपनीने गाडी सुटी करण्याची पुस्तिका दिली व ग्राहकांनी ती उलट क्रमाने वाचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी कमी खर्चात घरी गाडी कशी बांधावी याविषयी पुस्तक लिहिले. चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा व एका जुन्या गाडीचे भाग यांवर आधारलेली ही पद्धत ‘लोकॉस्ट’ नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारगाडीचा पहिला नमुना तयार केला. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसतानाही त्यांनी पुढील सुमारे अडीच दशके तिच्या सुधारित आवृत्त्या बांधल्या. रबरी निलंबन हे तिचे वैशिष्ट्य होते. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी देण्याचा त्यांचा हेतू होता; परंतु तिचे व्यापारी उत्पादन होऊ शकले नाही.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर ‘रोडस्टर १.८ एस’ ही गाडी बनवली. तिला फायबरग्लासची काया व इसुझु बनावटीचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन होते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने आपल्या मुलाच्या हौसेसाठी भंगारातील भागांपासून सुमारे ६० हजार रुपयांत चारचाकी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी समाजमाध्यमावर तिचे कौतुक केले. नियमांत न बसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल, असे नमूद करून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबास देण्यात आली.

बांधणीचे टप्पे

प्रथम सांगाडा मोजून तो काटकोनात व समपातळीत असल्याची खात्री केली जाते; त्यातील दोष पुढे चाकांच्या संरेखनात उतरतो. त्यानंतर निलंबन, सुकाणू व ब्रेक बसवले जातात. मग इंजिन व गिअरबॉक्स, इंधनटाकी, शीतन व्यवस्था आणि विद्युत जोडणी होते. बाह्यकाया व आसने शेवटी येतात. काया लवकर बसते व गाडी पूर्ण झाल्यासारखी दिसते, परंतु तारांची जोडणी, नळ्यांची गळती रोखणे व दरवाजे जुळवणे यांस बराच वेळ लागतो. अनेक प्रकल्प याच अवस्थेत रखडतात.

मुलांचा सहभाग

लहान मुलांना नट-बोल्टांची वर्गवारी, भागांची यादी, मोजमाप व छायाचित्रांसह नोंदवही ठेवणे ही कामे देता येतात. मोठी मुले पाना चालवणे, तारांची जोडणी व आराखडा वाचणे शिकतात. तरफ, घर्षण, दाब व विद्युतमंडल या शालेय संकल्पना त्यांना प्रत्यक्ष हाताळता येतात. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवले जाणारे जोडारी, संधाता, वीजतंत्री व यांत्रिक मोटारगाडी हे चारही व्यवसाय अशा एका गाडीत एकत्र येतात.

वेल्डिंग, ग्राइंडर, इंधन व फायबरग्लासची घासाई ही कामे प्रौढांनीच करावयाची असतात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. तिला भक्कम स्टँडचा आधार आवश्यक असतो. ब्रेक व सुकाणूची प्रत्येक जोडणी मुलाने केली असली तरी जाणकार प्रौढाने ती पुन्हा तपासणे अनिवार्य मानले जाते.

महाविद्यालयीन स्तरावर २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडबडीत मार्गावर चालणारे एक आसनी वाहन बांधतात.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होऊन नोंदणी मिळते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार उत्पादकाने वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी ‘एआरएआय’ व ‘सीआयआरटी’ पुणे येथे, तर ‘व्हीआरडीई’ अहिल्यानगर येथे आहे. ही प्रक्रिया कारखानदारी उत्पादनासाठी आखलेली असल्याने एकच गाडी बांधणाऱ्या कुटुंबास ती खर्चाच्या दृष्टीने झेपत नाही. जुन्या गाडीचा सांगाडा वा काया बदलून तिचीच नोंदणी वापरण्याचा मार्गही कलम ५२ मुळे बंद होतो. उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास त्यात मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई अधोरेखित केली.

मोटारगाडी चालवण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे भारतात घरी बांधलेली गाडी व्यवहारतः खासगी आवार, प्रदर्शन किंवा बंदिस्त धावपट्टीपुरती मर्यादित राहते.

हे सुद्धा पहा

मोटारगाडी
चासी
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
इचलकरंजी